घोट्यापासून गुडघ्यापर्यंत

इसवी सन १५५३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने एदँचा किल्ला घेतला, तेव्हा जे फ्रेंच लोक तिच्या हाती पाडाव सापडले त्यांत आंब्रोआझ पारे या नावाचा एक शस्त्रवैद्य होता. नावलौकिकाच्या माणसावर खंडणीही तशीच जबर बसते हे जाणून त्याने आपला उंची पोशाख एका शिपायाला देऊन टाकला होता आणि त्याची फाटकीतुटकी बंडी स्वतःच्या अंगात चढविली होती. परंतु हातातली विद्या काही त्याला लपविता आली नाही, आणि ती उघडकीस येताच शत्रुपक्षाच्या व्होदव्हिल नामक एका मातबर सरदाराने त्याला आपल्यापाशी ठेवून घेतले. या सरदाराच्या पायावर सहा-सात वर्षांचा एक जुनाट व्रण होता. पारेने त्याच्यापुढे सरळ सौदा मांडला : व्रण मी बरा करतो, मोबदल्यात मला खंडणीवाचून सोडावे. पुढे आपल्या प्रवासवृत्तांत पारेने या चिकित्सेची हकिकत लिहून ठेवली, आणि तीत औषधांच्या बरोबरीने पट्टीचा उल्लेख मोठ्या नेमकेपणाने येतो. पट्टी पावलापासून घ्यावयाची, गुडघ्यापर्यंत न्यावयाची, आणि फुगलेल्या शिरेवर कापडाची एक लहानशी घडी ठेवावयाची. व्रण भरत आला, आणि पारे सुटला.

औषधांच्या दुकानात आज गुडघ्यापर्यंतचा जो घट्ट, कातडीच्या रंगाचा, चढविताना भल्याभल्यांना घाम फोडणारा पायमोजा मिळतो, त्याची वंशावळ या पट्टीपासून मांडली तर फारसे चुकणार नाही. पायाला काहीतरी आवळून बांधले असता बरे वाटते ही गोष्ट मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. या इतिहासात वानवा आवळण्याची कधीच नव्हती. वानवा होती ती दोन गोष्टींची : किती आवळावे याच्या मापाची, आणि हे आवळणे घोट्याशी सर्वांत अधिक असून वर जाता जाता उतरत गेले पाहिजे या नियमाची. या दोन गोष्टी हाती येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

नियम असा का, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेवर हृदयापासून खालपर्यंतच्या साऱ्या रक्तस्तंभाचा भार पडतो, आणि तो पाऱ्याच्या मापाने सुमारे ८० ते ९० मिलिमीटर भरतो. मनुष्य चालू लागला की पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आतल्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांतील एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि हा भार वीस-तीस मिलिमीटरपर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या म्हणजे मात्र वर गेलेले रक्त माघारी फिरते, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, संध्याकाळी घोटे सुजतात, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळवंडते आणि शेवटी तेथेच न भरणारा व्रण होतो. बाहेरून दिलेला दाब या फुगलेल्या शिरांना आकुंचित करतो, त्यामुळे अलग पडलेले झडपांचे पडदे पुष्कळदा पुन्हा एकमेकांस भिडतात आणि पोटरीचे पिळणे कारणी लागते. जेथे भार अधिक तेथे आधारही अधिक हवा. वरच अधिक आवळले, तर खालच्या रक्ताची वाटच बंद व्हावयाची.

प्राचीनांना यातले कारण ठाऊक नव्हते, पण रोग चांगला ठाऊक होता. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकाच्या सुमारास, पायावरील सर्पाकार फुगवट्यांना शस्त्र लावू नये अशी ताकीद आहे. अथेन्सच्या संग्रहालयात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील एक नवसाची शिळा जतन केलेली आहे. तीवर एक दाढीवाला पुरुष स्वतःच्या देहमानाहून कितीतरी मोठा असा एक पाय दोन्ही हातांनी कवटाळून उभा आहे, आणि त्या पायाच्या आतल्या बाजूने एक जाड शीर वर चढत गेलेली शिल्पकाराने अगदी ठसठशीत कोरली आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत पायाच्या व्रणाला उभे राहणे मानवत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. रोमचा सेनानी गायस मारियस याने आपल्या एका पायाच्या शिरा बांधून न घेता, हू की चू न करता कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढे करण्यास मात्र साफ नकार दिला, असे प्लुटार्क सांगतो. इतक्या वेदनेच्या मोलाचा हा इलाज नव्हे, हा त्याचा शेरा मला त्याच्या सर्व विजयांपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बंधांचे चौदा प्रकार सांगितले आहेत, कोश आणि स्वस्तिक यांपासून गोफणा आणि पंचांगीपर्यंत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते सुश्रुताने केलेले गाढ, सम आणि शिथिल असे बंधांचे त्रिविध वर्गीकरण. मांडी, जांघ, मस्तक येथे गाढ. हातपाय, मुख, कंठ येथे सम. डोळे आणि सांधे येथे शिथिल. इतकेच करून तो थांबत नाही. पित्तज व्रणाचा बंध उन्हाळ्यात आणि शरदात दिवसातून दोनदा बदलावा, कफजाचा हेमंतात आणि वसंतात तिसऱ्या दिवशी, असे ऋतुमानही तो लावून देतो. आवळण्याचे प्रमाण अवयवपरत्वे बदलले पाहिजे हा विचार इतक्या व्यवस्थितपणे मांडणारा प्राचीन वैद्यकग्रंथ दुसरा क्वचितच असेल. तथापि हात किंवा पाय ही त्याच्या लेखी एकच जागा आहे. एकाच पायावर घोट्याशी निराळे आणि पोटरीशी निराळे प्रमाण असावे, हा भेद तेथे नाही. तो नसला म्हणून बिघडलेही नसावे. पट्टी सारख्या ताणाने गुंडाळीत नेली तर घोट्यासारख्या बारीक घेरावर दाब आपोआप अधिक पडतो आणि पोटरीच्या मोठ्या घेरावर कमी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने वक्र पृष्ठांच्या ताणाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यातून निघणारी ही गोष्ट सराईत हाताच्या वैद्यांना सिद्धांतावाचूनच साधत आली होती. मात्र हात सराईत नसला तर नडगीच्या धारदार हाडावर, जेथे वक्रता फार, तेथे हीच पट्टी नवी जखम करते.

शरीरशास्त्राची बाजू उलगडली ती पाडुआ येथे. फाब्रिसियसने १६०३ मध्ये शिरांतील झडपांवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला, पण हातापायांकडे रक्ताचा लोंढा एकदम जाऊ नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत अशी त्याची समजूत होती. त्याचा शिष्य विल्यम हार्वी याने १६२८ च्या आपल्या ग्रंथात ती उलटी केली. त्या ग्रंथातील आकृत्या सुप्रसिद्ध आहेत : कोपराच्या वर पट्टी आवळलेला एक हात, खाली फुगून आलेल्या शिरा, त्यांवर गाठींसारख्या दिसणाऱ्या झडपा, आणि शिरेवर दाबून पुढे सरकणारे एक बोट, जे उचलले तरी रिकामी शीर वरून भरत नाही. रक्ताची दिशा जगाला दाखवून देणारी ही पट्टी वर आवळून खालचे रक्त अडविणारी होती, पारेच्या पट्टीच्या नेमकी उलट. आवळण्याच्या या दोन रीतींतला फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुढे लाखो शिपायांनी पाय सुजवून घेतले, पण ती हकिकत यथाक्रम येईल.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन याने १६७६ मध्ये आपले शस्त्रवैद्यकावरील प्रबंध छापले. शिरांच्या विकारातून होणाऱ्या व्रणाला स्वतंत्र रोग म्हणून नाव देण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते, आणि त्यावर त्याने योजिलेला उपाय म्हणजे चामड्याचा, बाजूने नाडी ओवून आवळावयाचा पायमोजा. पट्टी दिवसभरात सैल पडते, घसरते, आणि बांधावयास दुसरा माणूस लागतो. नाडीचा मोजा रोग्याने स्वतः घालावा, सूज उतरेल तशी नाडी ओढून घ्यावी, आणि आपल्या कामाला लागावे. येथे पट्टीचे वस्त्र झाले.

कामाला लागावे, या दोन शब्दांना या इतिहासात फार अर्थ आहे. पायाचा व्रण हा मुख्यतः उभ्याने पोट भरणाऱ्यांचा रोग : धोबिणी, विणकर, स्वयंपाकी, हमाल. मोठमोठ्या इस्पितळांतले वैद्य त्यावर अंथरुणाला खिळून पडण्याचा उपाय सांगत, व्रण भरे, रोगी घरी जाऊन पुन्हा उभा राही, आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच व्रण पुन्हा उघडे. ब्रिस्टलच्या टॉमस बेंटन याने १७९७ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली तिचे खरे महत्त्व वैद्यकीय जितके तितकेच आर्थिक होते. चिकट लेपाच्या पट्ट्या पायाभोवती एकीवर एक ओढून बसवावयाच्या, वरून कापडी पट्टी गुंडाळावयाची, आणि रोग्याला चालत्या पायांनी मजुरीवर धाडावयाचे. चालण्यानेच व्रण लवकर भरतो, हा त्याचा दावा होता आणि तो खरा होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना याने जस्ताच्या मलमात माखलेल्या पट्टीचा जो बूट केला, तो आजही चिकित्सालयांतून वापरात आहे.

मोज्याला खरी लवचीकता आली ती रबरामुळे. टॉमस हँकॉकने १८२० मध्ये कपड्यांत रबराच्या पट्ट्या घालण्याचे पेटंट घेतले, पण कच्चे रबर थंडीत कडक होई आणि उन्हाळ्यात चिकट. गुडइयर आणि हँकॉक यांनी १८४४ च्या सुमारास गंधकाच्या संस्काराने ती खोड काढून टाकल्यावरच या धंद्याला पाया मिळाला. १८४८ मध्ये विल्यम ब्राउन याने रबराच्या धाग्याच्या मोज्याचे पेटंट मिळविले, आणि १८६१ मध्ये जोनाथन स्पार्क्सने तोच धागा सुताने अथवा रेशमाने मढविण्याची कृती काढली, त्यामुळे उघडे रबर कातडीला लागेनासे झाले. विल्यम ली याने १५८९ मध्ये शोधलेल्या मोजे विणण्याच्या मागावर नॉटिंगहॅम-डर्बीकडील कारागीर पिढ्यान् पिढ्या पोसले होतेच. त्यांना हा नवा जिन्नस मिळाला. तो जाड होता, उष्ण होता, घामाने आणि तेलाने त्यातले रबर लवकर कुजे, आणि दाब किती पडतो हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. तरीही तो खपला.

आता पलटणीकडे वळावयाचे. हिमालयाच्या पायथ्याकडील डोंगरी लोक पायांना लोकरीची लांब पट्टी गुंडाळीत. ती हिंदुस्थानच्या फौजेने उचलली, तिच्याकडून ती ब्रिटिशांच्या साऱ्या सैन्यात गेली, आणि सॉमरसेटमधील वेलिंग्टनच्या फॉक्स बंधूंच्या गिरणीने तिचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर केले. पहिल्या महायुद्धाच्या काळची छायाचित्रे काढून पाहिली, तर मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांपासून फ्लँडर्सच्या चिखलातल्या गोऱ्या सोजिरांपर्यंत अर्धे जग या पट्ट्यांत गुंडाळलेले दिसते. घोडदळातला स्वार पट्टी गुडघ्यापासून खाली आणून नाडी घोट्याशी बांधी. पायदळातला शिपाई घोट्यापासून वर नेऊन नाडीची गाठ गुडघ्याच्या खाली मारी. म्हणजे चालावे तर पायदळाने, आणि सर्वांत घट्ट आवळ गुडघ्याखाली तोही त्याच्याच! कोरड्या रस्त्यावर पट्टीने पोटरीला आधार मिळे यात शंका नाही, परंतु खंदकातल्या पाण्यात उभे राहून लोकर भिजली आणि आकसली की हार्वीच्या आकृतीतला हात शिपायाच्या पायात अवतरे. खंदकातल्या सैनिकांची पावले थंडीने आणि ओलीने कुजू लागली तेव्हा पट्ट्या सैल बांधा, असे हुकूम सुटले. दोष एकट्या पट्टीचा नव्हता. पण तो तिचाही होता.

दुसऱ्या महायुद्धाने निराळा धडा दिला. १९४० च्या बाँबवर्षावात लंडनचे नागरिक रात्रीच्या रात्री आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढीत, आणि त्या खुर्च्यांची पुढची आडवी पट्टी मांडीखाली रुते. सकाळी उठून चालू लागलेली वयस्क माणसे अकस्मात कोसळून मरण पावल्याच्या घटना शवविच्छेदन करणाऱ्या कीथ सिम्पसन यांच्या ध्यानात आल्या. पायाच्या शिरांत साखळलेले रक्त फुप्फुसात जाऊन अडकल्याने हे मृत्यू होत असल्याचे त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. विमानाच्या लांब प्रवासात पायमोजे घालावे, असा जो सल्ला आता सर्रास दिला जातो, त्याचे मूळ या खुर्च्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

उतरत्या दाबाचा नियम ज्याने कारखान्यात आणला तो मात्र वैद्य नव्हता. कॉनराड जोब्स्ट हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत ओहायोतील टोलीडो येथे स्थायिक झालेला यंत्रज्ञ. त्याच्या स्वतःच्याच पायांवर शिरांचे व्रण होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांचे दुखणे विरते, असा त्याला अनुभव आला, आणि यंत्रज्ञाच्या डोक्याने त्याने त्याचे कारण शोधले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७३ मिलिमीटरइतका असतो, पृष्ठभागाशी शून्य. म्हणजे शिरेतला रक्तस्तंभ आतून ज्या प्रमाणात रेटतो, जवळजवळ त्याच प्रमाणात तलाव त्याला बाहेरून तोलून धरतो. १९५० च्या सुमारास त्याने या हिशेबाने मोजा बनविला : पायाचे जागोजाग माप घ्यावयाचे, आणि घोट्याशी सर्वांत अधिक, वर कमी कमी, असा दाब विणकामातच बसवावयाचा. युरोपातही पुढे बासलजवळचे डॉक्टर कार्ल झिग यांच्या मार्गदर्शनाखाली स्वित्झर्लंडच्या गांझोनी कारखान्याने आपले मोजे सिद्ध केले. नायलॉनचे मोजे १९४० मध्ये बाजारात आले होते. १९५८ मध्ये ड्यू पाँच्या जोसेफ शिव्हर्सने स्पँडेक्सचा धागा शोधला, आणि रबराच्या जाड कवचाऐवजी साध्या मोज्यासारखा दिसणारा मोजा शक्य झाला. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडलेल्या रोग्यासाठी घोट्याशी १८, पोटरीशी १४ आणि गुडघ्याशी ८ मिलिमीटर दाब पुरतो असे बर्नार्ड सिगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. इस्पितळातले ते सैलसर पांढरे मोजे या हिशेबाचे आहेत, आणि घरी आल्यावर चालत्या-फिरत्या माणसाने तेच घालून शिरांचा इलाज होईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

कोणता मोजा घ्यावा, हा प्रश्न या इतिहासाचेच अपत्य आहे. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्यापूर्वी घ्यावे. घोट्याच्या हाडाच्या किंचित वर जेथे पाय सर्वांत बारीक तेथला घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर, आणि तळव्यापासून गुडघ्याच्या वळीखालपर्यंतची लांबी, ही तीन मापे गुडघ्यापर्यंतच्या मोज्यास लागतात. जोड्याच्या नंबरावरून मोजा देणारा दुकानदार बेलाशक सोडून द्यावा. गोल विणीचा, बिनशिवणीचा मोजा बहुतेकांना पुरतो. हत्तीरोगासारख्या विकाराने पायाचा आकारच बदलला असेल, तर सपाट विणून मागे शिवण घातलेला, मापाबरहुकूम केलेला मोजा लागतो, कारण तो कातडीच्या घड्यांत रुतत नाही. मोजा वरून दुमडून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते; तसे केल्याने दुहेरी कापडाचा आवळ नेमका गुडघ्याखाली पडतो आणि पायदळाची ती नाडी पुन्हा बांधली जाते. सर्वांत मोठी खबरदारी धमन्यांची. ज्याच्या पायाकडे रक्त जाणेच अपुरे आहे, आणि आपल्या मधुमेही मुलखात असे लोक थोडेथोडके नाहीत, त्याने आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर डॉक्टरांकडून काढून घ्यावे, ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट मोजा पायाच्या जिवावर बेतू शकतो, आणि मधुमेहात धमन्या कडक झाल्या असतील तर चांगला दिसणारा आकडाही फसवा असण्याचा संभव असतो.

अलीकडच्या परीक्षांनी या मोज्याची काही मिरास काढून घेतली आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५०० रोग्यांपैकी ज्यांना दाबाच्या पट्ट्यांबरोबर शिरांची शस्त्रक्रियाही लाभली, त्यांपैकी १२ टक्के लोकांचा व्रण वर्षभरात परतला, नुसत्या दाबावर राहिलेल्यांत २८ टक्क्यांचा. २००९ मध्ये पक्षाघाताच्या रोग्यांत मांडीपर्यंतच्या मोज्यांचा रक्त साखळण्यावर काही उपयोग आढळला नाही, उलट कातडीच्या जखमा मात्र वाढल्या. व्रण भरविण्याच्या आणि सूज उतरविण्याच्या कामी त्याची सनद अद्याप कायम आहे.

राहता राहिली मापाची गोष्ट. तीत अजून एकमत नाही. जर्मनीच्या नियमांत पहिला वर्ग घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटरचा, दुसरा २३ ते ३२ चा आणि तिसरा ३४ ते ४६ चा; इंग्लंडच्या १९८५ च्या मानकात हेच वर्ग अनुक्रमे १४ ते १७, १८ ते २४ आणि २५ ते ३५ असे आहेत; अमेरिकेतील व्यापारी २० ते ३० च्या मोज्याला घट्ट म्हणतात आणि ३० ते ४० च्या मोज्याला अतिघट्ट. आपल्याकडील खोक्यांवर यांपैकी कोणतीही परिभाषा छापलेली असू शकते, म्हणून दुकानात 'दुसऱ्या वर्गाचा मोजा' असे मोघम न मागता, घोट्याशी किती मिलिमीटर हा आकडाच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि खोक्यावर तो छापलेला नसेल तर खोके परत करावे.